अकरा हजार एकावी सही

कापसाच्या दिवसांत आमच्याकडच्या शाळांचे मागचे बाक रिकामे दिसू लागतात. दारव्हा-यवतमाळ रस्त्यानं कुणी नोव्हेंबरात बोरी अरबवरून गेलं, तर अडाण नदीच्या दोन्ही अंगांनी पांढरी झालेली पऱ्हाटी दिसते आणि तिच्यात वाकलेल्या बाया दिसतात. त्या रांगेत जरा नीट पाहिलं, तर एखादं डोकं बाकीच्यांपेक्षा फार खाली असतं. ते लेकराचं असतं. आणि नेमक्या याच महिन्याच्या २६ तारखेला आपला संविधान दिन येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावातल्या एका शाळेतून निरोप आला, "चाचा, सव्वीस नोव्हेंबरला मुलांना मानवी हक्क आणि नागरिकांची कर्तव्यं यावर चार शब्द सांगा." मी कवी माणूस. मला भाषण करता येतं असा लोकांचा समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. गेलो. वीसेक मिनिटं बोललो. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क, सगळं ओळीनं सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं विचारल्यावर सहसा कुणी उठत नाही. पण सहावीतली एक मुलगी उठली.

"चाचा, शिक्षणाचा हक्क हाय म्हंता. तर मंग कापूस वेचाले गेलं का तो हक्क कोनापाशी जाते?"

पोरं हसली. सरही हसले. मला हसू आलं नाही. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं, पाणी प्यालो आणि घरी आलो. त्या मुलीला मी ओळखत होतो. कुठून ओळखत होतो, ते शेवटी सांगतो. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. कारण ते उत्तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, इतिहासात सापडतं.

आम्ही शिकलो तेव्हा नागरिकशास्त्र हे इतिहासाला जोडलेलं असे, बैलगाडीच्या मागे बांधलेल्या कालवडीसारखं. गाडी जाईल तिकडे ती फरफटत जायची. परीक्षा जवळ आली की दोन तासांत सगळे हक्क उरकायचे. मूलभूत हक्क किती, कर्तव्यं किती, राज्यपालाची नेमणूक कोण करतं, एवढं पाठ झालं की झाले नागरिक. रोज सकाळी रांगेत उभं राहून प्रतिज्ञा म्हणायचो. ही प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या, आंध्रातल्या विशाखापट्टणमच्या कोषागारात काम करणाऱ्या अधिकाऱ्यानं १९६२ साली तेलुगूत लिहिली, आणि १९६५ च्या प्रजासत्ताक दिनापासून ती देशभरच्या शाळांत गेली, हे मला पन्नाशीत कळलं. शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर प्रतिज्ञा अधिक मनापासून म्हटली असती. माणसानं लिहिलेल्या ओळी आहेत असं कळलं की मुलं त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

हक्कांचंही तसंच आहे. ते आभाळातून पडलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी मागणारं माणूस आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात तर मागणाऱ्यांत एक शाळकरी मुलगीही आहे.

तिचं नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून ज्या शाळा सुरू केल्या, त्यांपैकी एका शाळेतली ती विद्यार्थिनी. मांग समाजातली, अवघ्या चौदा वर्षांची. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं त्यात लिहिलं. ज्या धर्मग्रंथाला आम्ही हातही लावू शकत नाही तो आमचा धर्म कसा, असंही विचारलं. आज दीडशेहून अधिक वर्षांनी तो निबंध वाचताना माझ्या मनात येतं, की तिला मानवी हक्क हा शब्द कुणी शिकवला होता? त्या काळात तो शब्द मराठीत रूढही नव्हता. तिला फक्त लिहाय-वाचायला शिकवलं होतं आणि विचारायची मुभा दिली होती. बाकीचं तिचं तिनं केलं. मुलांना हक्क शिकवायचे म्हणजे काय, याचा पहिला धडा मला इथे दिसतो. आधी वाचता आलं पाहिजे, आणि उठून विचारलं तर कुणी हसता कामा नये.

पुढे १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन दिलं. सरकारचा बहुतेक महसूल शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च होतो, हे त्यांनी परखडपणे मांडलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांच्या घरात लेकराच्या हाताची कमाई लागते त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवा, असंही सुचवलं. म्हणजे गरिबाचं पोर शाळेत येत नाही ते हट्टापायी नव्हे, पोटापायी, हे त्यांना ठाऊक होतं. शिक्षणाचा हक्क आणि घरातली चूल यांचा संबंध त्यांनी तेव्हाच जोडून दाखवला होता.

इंग्रज सरकारनं ते मानलं नाही. मानलं ते एका संस्थानिकानं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला.

बडोद्याला जमतं ते हिंदुस्थानला का जमू नये, असं गोपाळ कृष्ण गोखल्यांना वाटलं. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार मोठं मागणं नव्हतं. ज्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जातात तिथे स्थानिक संस्थांना सक्ती करायची मुभा असावी, एवढंच. तरी त्याला विरोध झाला. सरकारचा विरोध समजण्यासारखा होता, त्यांना पैसे खर्च करायचे नव्हते. पण विरोध आपल्याच माणसांचाही होता. दरभंग्याच्या महाराजांनी राजेरजवाडे आणि जमीनदारांच्या ११,००० सह्या विधेयकाविरुद्ध गोळा केल्या. त्यांची काळजी अशी, की सगळीच पोरं शाळेत गेली तर शेतातली कामं कोण करणार? १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं.

मित्रहो, हा ११,००० आकडा कृपा करून लक्षात ठेवा. मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

गोखल्यांचं विधेयक पडल्यावर पाच वर्षांनी, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. जो पालक मुलाला शाळेत घालणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाला घाम फोडणारा. पण त्या हुकुमात मला दंडापेक्षा त्याची रचना महत्त्वाची वाटते. हक्क मुलाचा. कर्तव्य पालकाचं. शाळा, मास्तर आणि खर्च ही जबाबदारी राजाची. तिघांचा हिशेब एकाच कागदावर मांडला होता. आमच्या नागरिकशास्त्रात मात्र हक्कांचा धडा वेगळा असतो आणि कर्तव्यांचा वेगळा. त्यामुळे मुलांना वाटतं, हक्क म्हणजे आपल्याला मिळणारी वस्तू आणि कर्तव्य म्हणजे मोठ्यांनी लावलेलं काम. माझा हक्क दुसऱ्या कुणाच्या तरी कर्तव्यात राहतो, आणि दुसऱ्याचा हक्क माझ्या कर्तव्यात राहतो, हे नातं दोन धड्यांच्या मधल्या कोऱ्या पानात हरवून जातं.

या नात्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण महाडचं आहे. ते आपल्याला ठाऊक असतं, पण त्यातल्या तारखा आपण नीट बघत नाही. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे हक्क मिळाला, कागदावर शिक्काही बसला. पण तळ्याचं पाणी प्यायला कुणी धजावलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर काठ्या बसल्या. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची, तर मंडपासाठी कुणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तळ्यावरचा सर्वांचा हक्क मान्य केला.

ठराव १९२३ चा, ओंजळ १९२७ ची, निकाल १९३७ चा. आता यात कर्तव्य कुणी पाळलं? नगरपालिकेनं ठराव केला, पण तो अमलात आणला नाही. गावानं पाळलं नाही. पाळलं ते मंडपाला जागा देणाऱ्या एका माणसानं. त्याच्यावर कायद्याची सक्ती नव्हती. दुसऱ्याच्या हक्कासाठी आपल्या जमिनीचा तुकडा मोकळा करून देणं, याला मी नागरिकाचं कर्तव्य म्हणतो. मुलांना फत्तेखानाची गोष्ट सांगितली, की ती हमखास विचारतात, "मग गावातले लोक त्याच्याशी बोलले का?" मुलांना बरोबर कळतं की कर्तव्याची किंमत कुठे मोजावी लागते.

फार लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापायचं आणि अटक करून घ्यायची. देशभर मिठाचा सत्याग्रह चालला होता, पण आमच्याकडे समुद्र कुठला? आमच्याकडे जंगल होतं, गुरं होती आणि चाऱ्यावर सरकारचा पहारा होता. म्हणून आमच्या माणसांनी विळा उचलला. पुसद भागातल्या शाळांतून ही गोष्ट सांगताना मी मुलांना विचारतो, "कायदा मोडणं हे कर्तव्य कसं होऊ शकतं?" यावर मुलं तासभर भांडतात. हा तास मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो. अन्यायाचा कायदा मोडून त्याची शिक्षा उघडपणे भोगणं, आणि सोयीसाठी सिग्नल तोडणं, यातला फरक त्या भांडणातून त्यांचा त्यांनाच सापडतो.

मग देश स्वतंत्र झाला. संविधान सभेत हक्कांवर जी चर्चा झाली तिच्यातही आपल्या जवळची माणसं होती. पंजाबराव देशमुख अमरावतीचे. मुंबईहून निवडून गेलेल्या हंसाबेन मेहता तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरही होत्या. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जो मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तिथे 'सर्व मानव' असा शब्द हंसाबेननी आग्रहानं आणवला. एका शब्दानं जगातल्या निम्म्या माणसांना दारातून आत घेतलं. शब्दांवर पोट नसलं तरी जीव असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रसंग विसरता येत नाही.

आणखी एक नाव आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडचं. काझी सय्यद करीमुद्दीन. पेशानं वकील, संविधान सभेतले आपल्या प्रांताचे प्रतिनिधी. ३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी एक दुरुस्ती मांडली. नागरिकाच्या अंगाची, घराची, कागदपत्रांची विनाकारण झडती घेतली जाऊ नये, असं संविधानातच लिहून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांना ती सूचना उपयुक्त वाटली, तसं ते सभागृहात बोललेही. पण शेवटी दुरुस्ती संमत झाली नाही. गोष्ट तिथेच संपली असं कुणालाही वाटलं असतं. मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा त्या निकालपत्रात करीमुद्दीन साहेबांच्या त्या फेटाळलेल्या दुरुस्तीची चर्चा झाली. ६९ वर्षांनी. मागणी नाकारली गेली तरी नोंद राहते आणि कधीतरी कुणीतरी ते पान उघडतं, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. ग्रामसभेत हात वर करून बोललेलं, अर्जात लिहिलेलं, वाया जात नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, तक्रार तोंडी करू नका, लिहून द्या आणि पोच घ्या.

पण त्या मुलीचा प्रश्न शिक्षणाच्या हक्काचा होता. त्याचं पुढे काय झालं? संविधानाच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. दहा वर्षं म्हणजे १९६० साल. मात्र हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत होतं, त्यासाठी न्यायालयात जाता येत नव्हतं. २४ व्या कलमानं चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी केली. तो मूलभूत हक्क झाला, चांगलंच झालं. पण त्यात कारखाना होता, खाण होती, कापसाचं शेत नव्हतं.

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं संविधानात आली, दहा. तो आणीबाणीचा काळ होता. नागरिकांचे हक्क गोठवलेले असताना त्यांच्या हाती कर्तव्यांची यादी दिली गेली. यादी वाईट नव्हती. राष्ट्रध्वजाचा मान, बंधुभाव, वैज्ञानिक दृष्टी, सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण, यात नाकारण्यासारखं काय आहे? पण हक्काशिवाय कर्तव्य सांगितलं की ते हुकुमासारखं ऐकू येतं. आमच्या पिढीला कर्तव्याचा धडा कंटाळवाणा का वाटला, त्याचं एक कारण या जन्मवेळेत असावं.

हक्क आणि कर्तव्य पुन्हा एका कागदावर आले ते २००२ साली. शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याच दुरुस्तीनं अकरावं कर्तव्यही आलं. ते पालकांचं, मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं. शाहू महाराजांच्या हुकुमाची रचना ८५ वर्षांनी देशाच्या संविधानात आली, असं मी म्हणतो. त्यावरचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांनी मागितलं १८८२ मध्ये, कायदा आला २०१० मध्ये. १२८ वर्षं. आणि २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आली. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत घरच्या कामात हातभार लावता येतो, पण मजुरीनं परक्याच्या शेतात नाही. म्हणजे कापसाचं शेत कायद्याच्या कुंपणाच्या आत यायला २०१६ उजाडलं.

आता त्या मुलीला मी कुठून ओळखत होतो, ते सांगतो.

गावाबाहेर माझी चार एकर जमीन आहे. त्या वर्षी कापूस एकदम फुटला होता. आभाळ दाटून येत होतं, एक सर आली असती तर सगळी बोंडं काळी पडली असती. वेचणीला बाया मिळत नव्हत्या. जी आली ती आपल्या लेकीला घेऊन आली. मी काही म्हटलं नाही. संध्याकाळी काट्यावर मी दोघींची गाठोडी एकत्र तोलली आणि वहीत आईचं नाव लिहिलं. लेकीचं नाव लिहिलं नाही. तिचा कापूस माझ्या घरात आला, पण ती माझ्या वहीत नव्हती. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ती शाळेत गेली, कारण त्या दिवशी संविधान दिनाचा कार्यक्रम होता आणि पाहुणे येणार होते. पाहुणा मी होतो.

दरभंग्याच्या महाराजांनी ११,००० सह्या गोळा केल्या होत्या. पोरं शाळेत गेली तर शेतं कोण करणार, असं विचारणाऱ्यांच्या त्या सह्या. गोखल्यांवर बोलताना मी त्या जमीनदारांना मनातून नावं ठेवत आलो. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की खाली एक जागा रिकामी होती आणि तिथे अकरा हजार एकावी सही माझी आहे.

हक्क कोनापाशी जाते? तिला तेव्हा द्यायचं उत्तर असं होतं, "बेटा, चार दिवस तो माझ्यापाशी होता."

दुसऱ्या दिवशी मी शेतावर सांगितलं, शाळेच्या वेळेत लेकरू आणायचं नाही. तिची आई म्हणाली, "भाऊ, तुमचं बराबर हाय. पण लहान्याले कोन पायते? त्याले सांभाळाले तिले आनतो, बसून राह्यल्यापेक्षा वेचते." आणि ती माझ्याकडे यायची थांबली. दुसऱ्याच्या शेतात गेली, लेकीला घेऊन. माझा हात धुतला गेला, मुलीचं काही झालं नाही. एकट्यानं कर्तव्य पाळलं की मनाला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग असतो, हे तेव्हा शिकलो. शाहू महाराजांनी हुकूम सगळ्या संस्थानाला का लावला, आणि जोतीरावांनी सक्तीबरोबर शिष्यवृत्त्या का मागितल्या, तेही तेव्हाच नीट समजलं.

मग आम्ही आठ-दहा शेतकरी बसलो. एका आजीला वेचणीच्या दिवसांपुरतं कामाला लावलं, पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे. बांधावर बाभळीच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधली. लहानगी तिथे, मोठी शाळेत. सगळे शेतकरी सामील झाले नाहीत. दोन हंगाम चाललं, तिसऱ्या वर्षी ढेपाळलं, पुन्हा उभं केलं. फार मोठं काम नव्हे. पण माझ्या वहीत आता जेवढी माणसं वेचतात तेवढीच नावं असतात.

शाळेत मी अजूनही जातो, पण भाषण करत नाही. फळ्यावर तीन रकाने आखतो. हक्क कुणाचा, कर्तव्य कुणाचं, आणि पाळलं गेलं नाही तर विचारायचं कुणाला. उदाहरण मुलांनीच द्यायचं. एक म्हणतो, गल्लीतला दिवा. दुसरी म्हणते, मुलींची मुतारी. तिसरा म्हणतो, नळाचं पाणी. पहिला रकाना पटकन भरतो. दुसऱ्याला वेळ लागतो. तिसऱ्याशी आलं की ग्रामसेवक, ग्रामसभा, २००५ चा माहितीचा अधिकार, अर्ज, पोच, सगळं नागरिकशास्त्र आपोआप येतं, पाठ करावं लागत नाही. कधी कधी दुसऱ्या रकान्यात मुलांचं स्वतःचं नाव येतं. नळ उघडा कुणी ठेवला? तेव्हा वर्गात शांतता होते. आमच्या विदर्भात गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. कर्तव्याची शिकवण द्यायची तर हातात आधी खराटा पाहिजे, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

आणि मुलांना मी एकच गृहपाठ देतो. तुमच्या बाकावरची मैत्रीण किंवा मित्र दोन दिवस आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारायचं, काहून आला नाहीस? १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, वसतिगृहही सांभाळत होते. ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवायचे. शेजारच्याची काळजी घेणं हा त्यांचा नागरिकशास्त्राचा तास होता. त्यासाठी वेगळं पुस्तक लागलं नाही.

ती मुलगी पुढे दहावी झाली. परवा रस्त्यात भेटली. मी म्हटलं, "बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं." तिला प्रश्न आठवत नव्हता. मी आठवण करून दिली, आणि वहीची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चाचा, चार दिवसाचा कापूस किती झाल्ता?"

मी घरी येऊन जुनी वही काढली. आईच्या नावासमोरचे आकडे होते. त्यातला तिचा किती, ते आता वेगळं काढता येत नाही.

(आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)